आवाज सापडला

पुनम मॅडमचा मेसेज किसनरावांनी तिसऱ्यांदा वाचला आणि फोन ओट्यावर आदळला. काच तडकली.

"आज मंगळवार. चार वाजून दहा मिनिटांनी जमिनीतून पुन्हा आवाज आला. वऱ्हांड्यातली घंटा आपोआप वाजली. दारावरची भेग वाढली आहे. उद्यापासून चौथीचा वर्ग बाहेर लिंबाखाली बसेल."

घंटा आपोआप वाजली म्हणे! अहो, घंटा म्हणजे आहे काय? रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि त्याच्या शेजारी तारेनं टांगलेला लोखंडी दांडा. वाऱ्यानं हालला की वाजणारच. शिकल्यासवरल्या बाईनं असं लिहावं? तेही गावाच्या ग्रुपवर, अडीचशे माणसांत?

ग्रुपचे ॲडमिन किसनराव. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. पेपरातलं विज्ञानाचं पान कापून जपून ठेवणारा गावातला हा एकटा माणूस. "मंगळाचे किरण येऊन राहिले, फोन बंद ठेवा" असलं काहीबाही पाठवणाऱ्या नेमसिंगला त्यांनी दोनदा ग्रुपातून काढलं होतं. पण मास्तरीणच अफवा पसरवायला लागली तर सांगायचं कोणाला?

आणि चौथीची ती खोली काय आभाळातून पडली होती? तिच्या मंजुरीसाठी किसनरावांनी तीन वर्षं हिंगोलीला चपला झिजवल्या. त्यांची लेक कोमल त्याच चौथीत. आता नवी खोली रिकामी आणि लेकरं धुळीत! दोघा पालकांनी तर दाखले काढून पोरं वसमतला घातलीसुद्धा. अशानं शाळेला कुलूप लागायला किती दिवस?

ग्रुपवर करमणूक चालूच होती. दिपकनं लिहिलं, "भूकंप पण शाळा भरल्यावरच येऊन राहिला, हुशार हाय." चाळीस जण हसले. नेमसिंगनं लिहिलं, "हसू नका. लोक दिवसभर फोनवर गेम खेळतेत, त्याचाच हा कोप."

किसनरावांनी कपाळावर हात मारला.

गुरुवारी दुपारी ते फोनची काच बदलायला फहीमच्या दुकानात गेले. दुकान शाळेच्या पाठभिंतीला लागूनच. पाटीवर "मोबाईल रिपेअर, गेम झोन" आणि खाली बारीक अक्षरात "मंगळवारी बंद". आत फहीम कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला होता. अचानक धडाम्‌ झालं. काउंटरची काच थरथरली आणि चहाच्या ग्लासात लाटा उठल्या.

"काय वाजलं रे?"

"गेम हाय, काका. रणगाडा. बासचा नवा डबा आणलाय, हैद्राबादेहून." फहीमनं टेबलाखालच्या गुडघाभर उंच स्पीकरकडं कौतुकानं बोट दाखवलं.

किसनरावांनी पाठच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं चौथीची खोली.

"परत वाजव."

परत धडाम्‌. किसनरावांनी भिंतीवर तळवा ठेवला होता. भिंत गुरगुरली.

"रोज वाजवतो का?"

"दुपारचं गिऱ्हाईक नसतंय, मंग बसतो खेळत. पण काका, परवा तर मी..."

"पण न्‌ बिन काही न्हाई! दोन लेकरांचा बाप तू, हे काय वय हाय का रणगाडे उडवायचं? सगळ्या गावाच्या पोटात गोळा आणला की रे! काहून सांगितलं न्हाई?"

"कोणी विचारलंच न्हाई," फहीम पुटपुटला.

शुक्रवारी दुपारी किसनराव परत आले ते शाळेच्या शिपायाला, सोनाजीला, घेऊन. स्पीकरची वायर ओढून काढली, दोघांनी तो उचलला आणि शाळेच्या पटांगणात मधोमध आणून ठेवला. फहीम दुकानाच्या दारापर्यंत मागं आला.

"मॅडम, हा घ्या तुमचा भूकंप!"

पुनम मॅडम लिंबाखालून उठल्या. हातात वही होती. "भाऊ, मी प्रत्येक आवाजाचा वार आणि वेळ लिहून ठेवलीय. एकदा बघा तरी."

"ठेवा ती वही तुमच्यापाशी. मी सोता भिंतीला हात लावून बघितलंय. विज्ञान शिकवायचं सोडून लेकरांना भेव दाखवून राहिल्या तुमी. लाज वाटाया पायजे!"

मॅडमचे डोळे भरून आले. "आणि ती भेग?"

"गिलावा फुगलाय. कोमल, उठ बेटा. आधी तू बस आत."

कोमलनं बस्कर उचललं आणि पळत आत गेली. तिच्यामागं बाकीची बावीस लेकरंही गेली. मॅडमनी एकदा भेगेकडं पाहिलं. मग वही पिशवीत टाकून म्हणाल्या, "लेकरं आत, तर मीही आतच," आणि दारावरच्या भेगेखालून आत गेल्या.

किसनरावांनी स्पीकरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आवाज सापडला. विषय बंद." टाळ्यांचा पाऊस पडला. नेमसिंगनं तर हात जोडले. महिनाभरात पहिल्यांदा किसनरावांना बरं वाटलं.

"धर सोनाजी तिकडून. पंचायतीत नेऊन कुलपात ठेवू. बघू कसा वाजतो ते."

दोघांनी स्पीकर उचलला. भलताच जड होता. वायर धुळीत लोळत मागं येत होती. उकाडा असा की लिंबाचं पान हालत नव्हतं. खोलीतून एकोणीसचा पाढा ऐकू येत होता, आणि त्यात कोमलचा आवाज सगळ्यात मोठा.

फाटकापाशी सोनाजी थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. किसनरावांनीही पाहिलं.

चारही हात स्पीकरला होते. वऱ्हांड्यात कोणीच नव्हतं. आणि घंटा वाजत होती.