शिकलेलं कडं

“एवढ्याशा मनगटाला किती जड कडं हे!” सासूबाई पुटपुटल्या.

“नवं आहे, कोरं,” सराफ म्हणाले. “पोरीला दाण्याचा पहिला त्रास झाला, की कडं त्यावरून शिकेल. मग पुढच्या वेळी घास उचलतानाच ओरडेल, तिच्याच आवाजात.”

“म्हणजे एकदा तिला त्रास व्हायलाच हवा?” वृंदानं दोन वर्षांच्या मुग्धाला जवळ ओढलं.

तिची मोठी जाऊ मंदाकिनी पुढे झाली. तिनं रुमालातून एक जुनं कडं काढून मुग्धाच्या हातात घातलं. “लहान मुलाला आधी कुणाचंतरी वापरलेलंच घालावं,” एवढंच म्हणाली.

सराफांनी कौतुकानं वाटी पुढे केली. “तिळाची वडी आहे, हिला चालेल.”

मुग्धानं वडी उचलली, तोच कड्यातून एका मुलाचा आवाज आला, “आई, घशात टोचतंय.”

मुग्धाच्या हातून वडी पडली. सासूबाई खाली बघत राहिल्या.

“अरे हो, दाण्याचं कूट असतं की यात!” सराफ ओशाळले. “पण कडं पक्कं शिकलंय हो. किती वेळच्या त्रासात शिकलं?”

“चला ना, निघू या,” वृंदा घाईनं म्हणाली.

“एकाच,” मंदाकिनी म्हणाली. “त्यातच माझा निनाद गेला.”