समाधानकारक

सरकारी अहवालात आमच्या भागातली हवा सलग तिसऱ्या वर्षी 'समाधानकारक' निघाली. इकडे शेजारच्या खडी क्रशरमुळे खिडकी उघडायची सोय नाही, आणि आईचा खोकला तर अख्ख्या गल्लीला पाठ झालाय. शेवटी माझं डोकं फिरलं. तडक प्रदूषण नियंत्रणाचं कार्यालय गाठलं आणि तिथल्या कारकुनाला म्हटलं, "हवा मोजायचं ते यंत्र मला दाखवा. आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी शांतपणे खिशातून किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आत प्लास्टिकच्या कव्हरखाली यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अहो, हे इथे कपाटात काय करतंय?"

 

"बाहेर ठेवलं की धुळीनं बंद पडतं हो, ताई!"