राहिलेला किल्ला

निवृत्तीनंतर व्यंकटराव आणि धुरपताबाई लातूरहून दर महिन्याला एखादा किल्ला नाहीतर बौद्ध लेणं, विहार बघायला निघत. औसा झालं, उदगीर झालं, खरोशाची लेणी झाली. कंधारचा किल्ला आणि दाभडचं विहार तेवढं राहिलं, आणि व्यंकटराव गेले.

"मालक गेल्यावर कशाचं हिंडणं? घरी बसावं बाईमाणसानं," शेजारी नव्यानं राहायला आलेल्या सिंधुताई फाटकाशी उभ्या राहून समजवायच्या. "अन् हे लाल-हिरवं बी सोडा आता. लोक नावं ठेवून राहिलेत." धुरपताबाई चार महिने ऐकून घेत राहिल्या.

पाचव्या महिन्यात एका सकाळी त्या पांढरीशुभ्र साडी नेसून बाहेर आल्या. सिंधुताईंना अगदी हायसं वाटलं.

"आता कसं! ऐकलंत एकदाचं माझं. पण पिशवी घेऊन कुठं निघालात?"

"आज कंधारचा किल्ला. मुक्काम नांदेडला, लेकीकडं. उद्या दाभडचं विहार बघून वापस."

"एकट्याच?"

"हाव, एकटीच."

"अवो, काही तरी वाटू द्या मनाला! हे दुखवट्याचं लुगडं नेसून किल्ले बघत फिरणार?"

धुरपताबाईंनी पायात बूट घातले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि फाटक उघडलं.

 

"दुखवट्याचं न्हाई बाई, माझ्या लग्नातलं हाय. आमच्यात नवरी पांढरंच नेसती."