कुणी जॉन डो

दोघे भाऊ पोटासाठी परदेशात आले होते. थोरला सुतारकाम करायचा, धाकटा एका गोदामात हमाल होता. त्या सकाळी गोदामाला आग लागली आणि धाकट्याचा फोन लागेना, तसा थोरला हातातली करवत टाकून दवाखान्याकडे पळत सुटला. इंग्रजी त्याचं कामापुरतंच.

"गोदामातला एकच माणूस आणलाय," नर्स म्हणाली. "जॉन डो. फार भाजलाय, शुद्ध नाही. बघणार का?"

थोरल्याच्या जिवात जीव आला. कुणा परक्या जॉनला बघून काय करायचं? बाहेर येऊन त्यानं घरी फोन लावला.

"आई, रडू नकोस. तो इथे नाही, म्हणजे सुटलाय. बसला असेल कुठंतरी घाबरून."

मग खोलीवरचा टॅक्सीवाला मित्र त्याला शोधत आला. थोरल्यानं सगळं सांगितलं, तसा मित्राचा चेहराच उतरला.

"अरे बाबा, ते कुणाचं नाव नाही! ज्याची ओळख पटत नाही, त्या प्रत्येकाला इंग्रजीत जॉन डोच म्हणतात."

थोरला धडपडत जिने चढून वर गेला. रिकाम्या खाटेवर नवी चादर घालून झाली होती.

"तुमचाच होता का तो?" नर्सनं हळू आवाजात विचारलं. "जाण्याआधी जरा शुद्धीवर आला होता. आम्ही नाव विचारलं, तर सारखं एकच सांगत राहिला."

 

तिनं हातातला कागद त्याच्यापुढे धरला. "'दादा.' आम्ही तेच लिहून घेतलंय. बरोबर आहे ना?"