मताला जर्मन शब्द

लढाई संपली आणि जर्मनांच्या कैदेतून सुटलेला रवळू सांबऱ्याला परतला. घरी जायच्या आधी तो बायाक्काच्या दारात गेला. तिचा मुलगा शामू त्याच्याच पलटणीतला, त्याच छावणीत मेलेला.

"कसा गेला, खरं सांग," बायाक्का म्हणाली.

रवळूनं सांगितलं. कैद्यांना आपला म्होरक्या मतं टाकून निवडायचा होता. अर्ज इंग्रजीत लिहिला, तर अधिकारी म्हणाला, जर्मनमध्ये आणा. शामूला ती भाषा थोडी येत होती. 'इलेक्शन', 'व्होट' असल्या एकेका शब्दाला त्यानं पहारेकऱ्यांना विचारून जर्मन शब्द मिळवला. अर्ज वाचायलाही तोच उभा राहिला.

"त्यांच्यात मताला आवाजच म्हणत्यात, मावशी. 'आमास्नी आमचा आवाज द्यायचा हाय,' असं शामूनं वाचलं, आन् अधिकाऱ्यानं पहारेकऱ्याची बंदूक वढून दस्ता त्याच्या गळ्यावर हाणला. पडल्यावरबी हाणतच ऱ्हायला. आमी तिघं आडवं गेलो, तर आमचं दात पाडलं. शामू दोन दिस नुसता घरघरत हुता."

बायाक्का रडली नाही.

"मग निवडला काय म्होरक्या?"

"न्हाय."

पुढच्या आठवड्यात तलाठी मतदारांची यादी घेऊन आला. त्या गल्लीतल्या एकाही बाईचं नाव आजवर तिच्यात चढलं नव्हतं.



"अंगठा उठवा, बायाक्का. शामूच्या मरणाची पेन्शन लागली न्हवं, आन् शिपायाच्या पेन्शनवाल्या आईला कायद्यानं मत मिळतंय. आता तुमास्नी मत हाय."