सहीपुरतं

वेंडेल क्रुपाने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

टेबलाच्या पलीकडे डेनीस नावाची नोटरी बसली होती. कर्ज मिटवून देणाऱ्या कंपनीने तिला घरी पाठवलं होतं. कागद समोर ठेवायचे, सह्या घ्यायच्या, शिक्का मारायचा, एवढंच तिचं काम. वेंडेलने काही विचारलं की ती म्हणायची, ते कंपनीला विचारा.

बायकोच्या, लॉरेटाच्या, शेवटच्या दोन वर्षांतली औषधं आणि क्लीव्हलँडच्या इस्पितळाच्या खेपा त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डांवर केल्या होत्या. आता ती नव्हती आणि कार्डं होती. कंपनी म्हणत होती, बँकांना एक डॉलर देऊ नका, दर महिन्याला आमच्याकडे भरा. बँका कंटाळल्या की निम्म्यावर तोडू, त्यात आमचा हिस्सा. बाजारातल्या वकिलाने दुसरंच सांगितलं होतं. कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करा, जे आहे ते सगळं दाखवा, मोकळे व्हा. फक्त त्याची फी आधी.

"आमच्या घरात आजवर कुणी दिवाळं काढलेलं नाही," आयरीन म्हणाली. ती लॉरेटाची थोरली बहीण. सही होईपर्यंत ती हलणार नव्हती. "रविवारी चर्चमध्ये लोक माझ्याकडे बघतील, तुझ्याकडे नाही. तू मागच्या बाकावर झोपलेला असतोस."

वेंडेलला चर्चची काळजी नव्हती. त्याला कबरीची काळजी होती. लॉरेटाच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी घेऊन ठेवली होती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, कोर्टात गेलात तर तीही जाईल. वकील म्हणाला होता, त्या जागेला कुणी हात लावत नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. दोघंही बोलत असतील.

"तुमच्या कंपनीच्या त्या माणसाला फोन लावा," वेंडेल डेनीसला म्हणाला. "सगळ्यांना ऐकू येईल असा."

डेनीसने फोन लावून टेबलावर ठेवला. माणूस आनंदात होता. त्याने आधी आयरीनची चौकशी केली, मग हवेची. वेंडेलने त्याला बोलू दिलं आणि मग कबरीचं पुन्हा विचारलं.

"विकणार म्हणजे विकणार, मिस्टर क्रुपा. कोर्टाला दयामाया नसते."

"विकणार कुणाला? दगड दोघांचा एकच आहे. डावीकडे ती, उजवीकडे मी. माझं नाव, जन्माचं साल कोरून झालंय. शेवटचं साल तेवढं राहिलंय."

आयरीन खिडकीकडे बघायला लागली.

मग माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाव घासून काढता येतं. हल्ली मशीन आहे. पूर्वी तिथं काही होतं हे कळतसुद्धा नाही."

"याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे," वेंडेल म्हणाला. "म्हणजे हे विचारणारा मी पहिला नाही."

माणूस हसला आणि आणखी काही सांगायला लागला. वेंडेलने बोट पुढे करून फोन बंद केला.

"मग काय, वकील खरा?" आयरीनने विचारलं.

"खरा आहे असं कुठं म्हटलं मी? पण वकिलाला हेच न्यायाधीशासमोर म्हणावं लागेल. या फोनवाल्याला कुणासमोर उभा करू?"

आयरीनने पर्स उचलली. गाडीत बसते म्हणाली आणि गेली. जाताना तिने दार आपटलं नाही.

डेनीस कागद गोळा करत होती. सगळे पिशवीत गेल्यावर तिने एक लहानशी चिठ्ठी बाहेर काढली आणि थोडी अवघडली. ती येऊन गेली, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. त्यावर गिऱ्हाइकाची सही असली तरच कंपनी तिला आजच्या खेपेचे पैसे देणार होती. नाहीतर पेट्रोलसुद्धा तिच्याच खिशातून.

"यात दुसरं काही नाही," ती म्हणाली. "माझ्यापुरतं आहे."

वेंडेलने चिठ्ठी वाचली. उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली. उजेडात धरून पाहिली. त्याने डेनीसकडे पाहिलं. बाई खरं बोलत होती, याबद्दल त्याला जवळजवळ खात्री होती.

त्याने पाकीट उघडलं. आत वीस डॉलरची एकच नोट होती. ती त्याने चिठ्ठीवर ठेवली आणि दोन्ही तिच्याकडे सरकवली.

पेन त्याने खिशात घातलं.