काथ्या

ताइफच्या डोंगरात माझा कफील, म्हणजे अरब मालक, सकाळपासून महागड्या बंदुकीने दगडच टिपत होता. वळणावर दोन म्हातारे शिकारी भेटले. दोघांकडे ठासणीच्या बंदुका. मी बघतच राहिलो. एकजण नळीत दारू ओतून ठासायला चिंधी शोधू लागला. माझा हात सवयीने पाण्याच्या कॅनला बांधलेल्या गावच्या सुंभाकडे गेला. काथ्याचा बोळा करून दिला. “आमच्या दापोलीत हाच ठासतात.” “तुझी बंदूक कुठे?” म्हाताऱ्याने विचारलं. “बाबांची होती. गेल्या महिन्यात वारले, बंदूक पोलिसांत जमा झाली. मला मयतीला जाता आलं नाही.” त्याने ठासायचा लोखंडी गज उचलला. गजाने काथ्या ठासला, छर्रे भरले. खालच्या पाणवठ्यावर कवडे पक्षी उतरले. त्याने नळी आभाळाकडे केली. “बाबांचं नाव?” “इस्माईल.” ते नाव मोठ्याने घेऊन त्याने बार उडवला. कवडे उडाले. “शिकार?” कफीलने विचारलं. “आज खलास,” म्हातारा म्हणाला. धुराला जळक्या काथ्याचा वास होता.